कळा सोसायच्या की एपिड्युरल घ्यायचं? हे कसं ठरवायचं, कधी ठरवायचं आणि कोणाला काय विचारायचं

आठवा-नववा महिना लागला की जो तो सल्ला द्यायला लागतो. एक म्हणते पाठीत सुई अजिबात घेऊ नकोस, कंबर कायमची धरते, दुसरी म्हणते वेडी आहेस का, आजच्या काळात एवढं सोसायची गरजच काय. दोघीही खोटं बोलत नसतात, दोघी आपापल्या बाळंतपणावरून बोलत असतात, पण तुमचं बाळंतपण अजून व्हायचंय आणि ते त्यांच्यासारखंच होईल असं काही नाही. माझं एक बाळंतपण कुठलंही औषध न घेता झालं आणि एक एपिड्युरल घेऊन, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून दुखणं कमी करायची भूल घेऊन, आणि दोन्ही वेळचे निर्णय मला आजही बरोबरच वाटतात कारण दोन्ही वेळेला कळाच वेगळ्या होत्या. म्हणून मी कुणालाही "हेच घे" असं सांगत नाही. मी एवढंच सांगते की हो किंवा नाही असं एकच उत्तर पक्कं करून जाऊ नका, कुठपर्यंत काय करून बघायचं आणि काय झालं की बेत बदलायचा हे ठरवून जा.

आधी कळ समजून घ्या

गर्भपिशवी म्हणजे एक मोठा स्नायू आहे, तो आवळतो आणि त्या आवळण्याने पिशवीचं तोंड हळूहळू उघडत १० सेंटिमीटरपर्यंत जातं, हा झाला पहिला टप्पा. यातलं दुखणं ओटीपोटात आणि कंबरेत असतं, काहींना मांड्यांपर्यंत उतरतं. दुसरा टप्पा म्हणजे जोर लावून बाळ बाहेर येणं, तेव्हाचं दुखणं वेगळंच, खाली ताण येतो, आग होते, पण त्या वेळी करायला काहीतरी असतं म्हणून बऱ्याच जणींना तो टप्पा पहिल्यापेक्षा बरा वाटतो. तिसरा टप्पा वार पडण्याचा, त्यात दुखणं खूपच कमी.

वेळेचा अंदाज पण असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ सेंटिमीटर उघडल्यापासून खऱ्या जोराच्या कळा धरतात, तिथून पुढे पहिलटकरणीला पहिला टप्पा संपायला सहसा १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि आधी बाळंतपण झालेलं असेल तर १० तासांपेक्षा. जोर लावायचा टप्पा पहिल्या वेळी साधारण ३ तासांच्या आत आणि पुढच्या वेळी २ तासांच्या आत उरकतो. पण ५ सेंटिमीटरच्या आधीचा काळ मात्र कितीही लांबू शकतो, आणि खरं सांगायचं तर बायका दमतात त्या तिथेच, रात्रभर झोप नाही, कळा येतात पण पुढे काही सरकत नाही, आणि दवाखान्यात गेल्यावर कळतं की आत्ताशी २-३ सेंटिमीटरच झालंय.

एक कळ साधारण ४५ सेकंद ते मिनिटभर असते. कंबरेतून सुरू होते, पुढे येते, पोट दगडासारखं घट्ट होतं, मग टोकाला जाते जिथे बोलताही येत नाही, आणि मग सुटते. ते टोक काही सेकंदांचंच असतं. समजा दर ४ मिनिटांनी मिनिटभराची एक कळ येतेय, तर तासाभरात दुखण्याची मिनिटं १५ आणि न दुखण्याची ४५. हा हिशोब मला फार उपयोगी पडला होता कारण घाबरलेली बाई पुढच्या कळेची वाट बघत ती ४५ मिनिटं पण आवळूनच बसते आणि मग खरंच पूर्ण तास दुखल्यासारखा जातो. मधल्या वेळात खांदे सोडायचे, जबडा सोडायचा, जमलं तर डोळे मिटायचे.

पण हा हिशोब सगळ्यांना लागू पडत नाही. बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असेल तर कंबर मधल्या वेळात पण ठणकत राहते. आणि कळा सलाईनमधून ऑक्सिटोसिन देऊन आणल्या असतील तर त्या पुष्कळदा पटापट आणि जोरात येतात, आपल्याआप येणाऱ्या कळांसारखी हळूहळू सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्यामुळे तुम्हाला कळा आणायच्या म्हणून तारीख देऊन बोलावलं असेल, तर "मी काही घेणार नाही" हा बेत पुन्हा एकदा तपासून बघा.

औषध न घेता जायचं असेल तर

नुसतं "मी सोसेन" म्हणून जमत नाही, त्याची तयारी लागते आणि ती करता येते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सोबत. पूर्ण वेळ जवळ थांबणारं एक माणूस, मग तो नवरा असो, आई असो, बहीण असो, मैत्रीण असो की प्रशिक्षित डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करायचं शिकलेली बाई. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात १५,००० हून जास्त बायका होत्या, आणि ज्यांच्याजवळ सतत कोणीतरी होतं त्यांच्या नॉर्मल डिलिव्हरी जास्त झाल्या, सिझर कमी झाले, वेळ थोडा कमी लागला आणि दुखण्याची औषधं पण कमी लागली. एवढा फरक नुसत्या माणसाने पडतो. म्हणून दवाखाना ठरवतानाच विचारा की लेबर रूममध्ये सोबतीला माणूस ठेवू देतात का, कारण ठेवू देत नसतील तर तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधनच गेलं.

दुसरं म्हणजे आडवं पडून राहायचं नाही. उभं राहणं, चालणं, पलंगाला धरून वाकणं, गुडघ्यांवर येणं, मोठ्या बॉलवर बसून कंबर गोल फिरवणं, यातलं जे बरं वाटेल ते. पहिला टप्पा उभ्याने किंवा बसून काढलेल्या बायकांचा वेळ आडव्या पडलेल्यांपेक्षा सरासरी तासाभराने कमी झालेला दिसलाय. पाठीवर उताणं पडून कळ घेणं हे सगळ्यात वाईट, दुखतंही जास्त आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा पण दाबला जातो.

कंबर फार दुखत असेल तर सोबतच्या माणसाला आधीच एक गोष्ट शिकवून ठेवा. माकडहाडाच्या वर कंबरेखाली जो सपाट हाडाचा भाग असतो तिथे तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवून कळ सुरू झाली की दाबायचं, चोळायचं नाही, नुसतं एका जागी घट्ट दाबून धरायचं आणि कळ सुटली की सोडायचं. किती जोर लावायचा ते बाईने सांगायचं, आणि ती बहुतेक "अजून, अजून" म्हणेल, घाबरू नका. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी कुल्ले आत दाबूनही आराम पडतो. घरी दोन-चार वेळा करून बघा कारण ऐन वेळी समजावून सांगायची ताकद तुमच्यात नसते आणि समोरचा हळूच कुरवाळत बसला तर भयंकर राग येतो!

कोमट पाणी फार चांगलं काम करतं, शॉवर कंबरेवर घ्या, टब असेल तर त्यात बसा. श्वासाचं म्हणाल तर खूप गुंतागुंतीच्या पद्धती पाठ करायची गरज नाही, नाकाने घ्यायचा आणि तोंडाने घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, सोडताना "हाऽऽ" असा खालच्या पट्टीतला आवाज निघाला तर निघू द्यायचा. किंचाळीसारखा उंच आवाज यायला लागला की गळा, खांदे, खालचे स्नायू सगळंच आवळलं जातं. टेन्स नावाचं छोटं मशीन मिळतं, पाठीवर पट्ट्या लावून हलक्या झिणझिण्या देणारं, त्याने सुरुवातीच्या कळांना काही जणींना बरं वाटतं, पण पेसमेकर असेल तर ते वापरायचं नाही आणि पाण्यात तर कधीच नाही.

औषधाशिवायचे फायदे खरे आहेत. शेवटपर्यंत हिंडता फिरता येतं, जोर कधी लावायचा हे शरीरच सांगतं, लघवीला नळी लागत नाही, आणि बाळ झाल्यावर लगेच उठून बसता येतं. पण एक गोष्ट आवर्जून सांगते, टाके घालायची वेळ आली तर तिथे लोकल भूल मागून घ्याच. काही ठिकाणी "आता काय, एवढं सोसलंस, दोनच टाके आहेत" म्हणून तसंच उरकायला बघतात आणि बाई बिचारी गप्प बसते. इंजेक्शनला दोन मिनिटं लागतात, मागा.

मधले पर्याय ज्यांचं कोणी नाव घेत नाही

लोक बोलतात ते असं की एकीकडे सगळं सोसणं आणि दुसरीकडे थेट एपिड्युरल, पण मध्ये पण काही गोष्टी आहेत.

एक म्हणजे गॅस. अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन, मास्क किंवा तोंडात धरायची नळी तुमच्याच हातात असते. याचा परिणाम व्हायला साधारण २०-३० सेकंद लागतात म्हणून कळ यायला लागली असं वाटताक्षणी ओढायला सुरुवात करायची, टोकाला पोचल्यावर ओढलात तर कळ सुटल्यावर गुंगी येते आणि दुखणं तर होऊन गेलेलं असतं. दुखणं पूर्ण जात नाही, पण त्याची धार कमी होते. डोकं हलकं होतं, मळमळतं, नको वाटलं तर बाजूला ठेवायचा, मिनिटभरात असर उतरतो. मास्क मात्र बाईनेच धरायचा, प्रेमाने सुद्धा दुसऱ्याने धरायचा नाही, कारण जास्त झालं तर हात आपोआप खाली येतो आणि तीच त्याची सेफ्टी आहे.

दुसरं, पेथिडिन किंवा ट्रामाडोल यासारखी इंजेक्शनं. द्यायला सोपी, भूलतज्ज्ञ लागत नाही. पण यांनी दुखणं कमी होण्यापेक्षा गुंगीच जास्त येते, उलट्या होतात, आणि मुख्य म्हणजे पेथिडिनसारखं औषध बाळापर्यंत पोचतं, बाळ होण्याच्या थोडंच आधी दिलेलं असेल तर बाळ सुस्त असू शकतं, श्वास हळू असू शकतो, दूध ओढायला वेळ लागू शकतो. सुरुवातीच्या लांबलेल्या कळांमध्ये दोन-तीन तास झोप मिळावी म्हणून याचा उपयोग होतो, अगदी शेवटी मात्र नको.

एपिड्युरल म्हणजे नक्की काय करतात

पेनलेस डिलिव्हरी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. मी हे जरा सविस्तर सांगते कारण भीती सुईपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टीची जास्त असते, सगळं पाठीमागे चाललेलं असतं ना.

आधी हाताला सलाईन लावतात. मग तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवतात किंवा कुशीवर झोपवतात आणि पाठ बाहेर काढायला सांगतात, हनुवटी छातीला, खांदे सैल, चिडलेल्या मांजरासारखी पाठ. एवढ्या मोठ्या पोटाने हे कठीण जातं पण तेवढंच महत्त्वाचं आहे कारण त्याने मणक्यांमधली जागा उघडते. पाठीवर गार औषध पुसतात, मग कातडी बधिर करायचं बारीक इंजेक्शन, ते चुरचुरतं. त्यानंतर मोठी सुई, पण तेव्हा टोचल्यासारखं नाही, दाब आल्यासारखं वाटतं. ती सुई कंबरेच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. सुईतून केसासारखी बारीक मऊ नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात, पाठीत राहते ती फक्त नळी, सुई नाही. हे सगळं होताना मध्ये कळ येणारच, आली की बोलायचं, "आली" म्हणायचं, भूलतज्ज्ञ थांबतात. हलायचं नाही एवढंच काम, आणि समोर कोणाचे तरी खांदे धरायला मिळाले तर ते जमतं.

नळी बसवायला १०-२० मिनिटं आणि औषध लागू पडायला अजून १०-२० मिनिटं धरा. नळीतून भूल द्यायचं औषध आणि त्यासोबत थोडं फेन्टानिलसारखं दुखणं मारणारं औषध अगदी कमी प्रमाणात जात राहतं. कळ आलेली कळते, पोट घट्ट होतं, पण दुखत नाही किंवा फार थोडं दुखतं. काही ठिकाणी बटण हातात देतात, लागेल तसं आपण दाबायचं, मशीन ठराविक मर्यादेपलीकडे औषध सोडत नाही. आणि ऐन वेळी सिझर करायची वेळ आली तर बहुतेक वेळा त्याच नळीतून जास्त औषध देऊन ऑपरेशन करता येतं, हा फायदा मोठा आहे.

आता ऐकीव गोष्टी. एपिड्युरलने कंबर कायमची दुखते हे अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, सुई टोचल्याची जागा काही दिवस दुखते एवढंच, बाळंतपणानंतरची कंबरदुखी न घेतलेल्यांना पण तेवढीच असते. सिझरचं प्रमाण वाढतं हे पण खरं नाही, कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात तसा फरक आढळला नाही. "४ सेंटिमीटर झाल्याशिवाय देत नाही" असं अजून काही ठिकाणी सांगतात पण तसा नियम ठेवायचं कारण उरलेलं नाही, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तर स्पष्ट म्हणते की वैद्यकीय अडचण नसेल तर बाईने मागितलं हेच पुरेसं कारण आहे.

पण तोटेही तितकेच खरे आहेत आणि ते कोणी सांगत नसेल तर तुम्ही विचारा. बीपी खाली येऊ शकतं, म्हणून सारखं मोजतात. अंगाला खाज सुटते, थंडी वाजल्यासारखी थरथर होते, काहींना ताप येतो. लघवी कळत नाही म्हणून नळी घालावी लागते. पाय जड होतात, कमी डोसमध्ये हलतात पण बहुतेक ठिकाणी चालू देत नाहीत. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटावर जवळजवळ सतत राहतो. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो, जुन्या अभ्यासांत व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, २००५ नंतरच्या कमी डोसच्या अभ्यासांत तो फरक उरला नाही, म्हणून तुमच्या दवाखान्यात कमी डोसचं देतात का हे विचारणं महत्त्वाचं. साधारण १० पैकी एकीला ते नीट लागू पडत नाही, एका बाजूला दुखत राहतं, मग कूस बदलणं, नळी थोडी मागे ओढणं किंवा पुन्हा घालणं असे उपाय करतात. आणि १०० मधल्या सुमारे एकीला नंतर जोराची डोकेदुखी होते, त्याबद्दल शेवटी सांगते. कायमची नस दुखावणं वगैरे फारच दुर्मिळ.

काहींना ते देताच येत नाही, प्लेटलेट्स फार कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, पाठीवर त्या जागी इन्फेक्शन असेल. मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी भूलतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा. उलट काहींना डॉक्टर स्वतःहूनच सुचवतात, गरोदरपणात बीपी वाढलेलं, जुळी बाळं, हृदयाचा काही आजार. अशा वेळी "मला नैसर्गिकच हवंय" म्हणून लगेच नाही म्हणू नका, कारण काय ते नीट विचारून घ्या.

मग ठरवायचं कसं

३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान एकदा शांत बसून हे करा, कळा सुरू झाल्यावर संमतीचा फॉर्म वाचायच्या अवस्थेत कोणी नसतं.

दवाखान्यात आधी हे विचारून या:
- भूलतज्ज्ञ चोवीस तास दवाखान्यातच असतात की बोलावल्यावर येतात, आणि रात्री यायला किती वेळ लागतो?
- एपिड्युरल चालू असताना सगळा वेळ लक्ष ठेवायला नर्स असते का, डोस कमी असतो का?
- गॅस आहे का, शॉवर वापरता येतो का, कळांमध्ये चालू देतात का?
- सोबतीला माणूस राहू शकतं का, एपिड्युरल देताना पण?
- याचे पैसे वेगळे पडतात का?

या उत्तरांनी अर्धा निर्णय होऊन जातो. भूलतज्ज्ञ रात्री मिळत नसतील तर "वेळ आली की घेऊ" हा बेत कागदावरच राहणार, मग एकतर दवाखाना बदला किंवा बाकीची तयारी पक्की करा. आणि जिथे पलंगावरून उठूच देत नाहीत, सोबतीला कोणी नाही, वर सलाईनने कळा वाढवतात, तिथे औषधाशिवाय सोसायला सांगणं हा बाईवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हिंडू न देता, माणूस जवळ न ठेवता ते नैसर्गिक कसलं.

मग स्वतःकडे बघा. तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते, दुखण्याची की सुईची, की आपल्या हातात काही न उरण्याची? दुखण्याच्या भीतीने महिनाभर झोप लागत नसेल तर एपिड्युरल घ्यायचं ठरवूनच टाका, ती भीती घेऊन लेबर रूममध्ये जाण्यात काही अर्थ नाही. पाय जड होणं, नळ्या लागणं, पडून राहणं हे जास्त नको वाटत असेल तर औषधाशिवायची तयारी करा. आधी कधी अंगावर जबरदस्ती झाली असेल किंवा आधीचं बाळंतपण वाईट गेलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आतून तपासतानाही त्रास होऊ शकतो आणि त्यानुसार बेत वेगळा करता येतो.

आणि मग एका कागदावर अटी लिहा, इच्छा नाही, अटी. म्हणजे असं की "कळा आपल्याआप आल्या आणि पुढे सरकत असतील तर चालणं, शॉवर, गॅस. सलाईनने कळा आणल्या तर एपिड्युरल लवकर. पूर्ण रात्र झोप नसेल आणि ५ सेंटिमीटरच्या आतच असेन तरी घेईन. ८ च्या पुढे असेन तर आधी अर्धा तास प्रयत्न." तुमच्या अटी वेगळ्या असतील, पण अशा लिहा म्हणजे सोबतच्या माणसालाही कळतं आणि तुम्हालाही हरल्यासारखं वाटत नाही, कारण बदल पण तुम्हीच आधी ठरवलेला असतो.

आता सगळ्यात अवघड क्षण. जवळजवळ प्रत्येक बाई एका ठिकाणी "आता मला नाही जमत" म्हणते. हे बऱ्याचदा ८ ते १० सेंटिमीटरच्या मध्ये होतं, थरथर होते, उलटी होते, बाई रडते, चिडते, घरी जायचं म्हणते. तेव्हा आधी आतून तपासायला सांगा. जर जवळजवळ पूर्ण उघडलं असेल तर एपिड्युरल बसवून लागू पडेपर्यंत बाळ बाहेर आलेलं असू शकतं, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात तर नक्कीच, आणि तेवढं कळलं तरी अंगात बळ येतं. पण तपासल्यावर ४ च निघाले आणि तुम्ही पार गळून गेला असाल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि तिथे एपिड्युरल घेऊन झोपून उठणं हे बाळंतपण पुढे न्यायलाच मदत करतं. आणखी एक खूण सांगते. कळ दुखतेय पण मधल्या वेळात तुम्ही पाणी मागताय, बोलताय, तर तुम्ही ते पेलताय. मधल्या वेळातही डोळे भेदरलेले, अंग आवळलेलं, कोणाचं ऐकू येत नाही, तर ते पेलणं संपलंय, तिथे ताणून धरू नका.

सोबतच्या माणसाबरोबर एक खुणेचा शब्द ठरवा. कारण कळेच्या टोकाला "द्या मला काहीतरी" असं आपण सगळ्याच ओरडतो आणि दोन मिनिटांनी म्हणतो ठीक आहे. खुणेचा शब्द उच्चारला की मात्र समजवायचं नाही, "अजून थोडं" म्हणायचं नाही, जाऊन सांगायचं की तिला एपिड्युरल हवंय. तो शब्द तुमच्याशिवाय कोणाच्याही तोंडून यायचा नाही, "तिच्याकडे बघवत नाही, देऊन टाका" असं म्हणणारे पण आणि "आम्ही नाही का सोसलं" म्हणणारे पण दाराबाहेर. तुम्ही शुद्धीत आहात, बोलताय, तर हो किंवा नाही तुमचंच.

अपराधी वाटतं त्याबद्दल एवढंच. १८४७ मध्ये एडिनबरोच्या डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात भूल म्हणून क्लोरोफॉर्म वापरलं तेव्हा कळा देवाने दिल्यात, त्या सोसल्याच पाहिजेत असं म्हणणारे होते, मग १८५३ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी खुद्द राणी व्हिक्टोरियाला तिच्या आठव्या बाळंतपणात ते दिलं आणि बोलणाऱ्यांचा जोर ओसरला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८ च्या सूचनांमध्ये दुखणं कमी करायला एपिड्युरल पण आहे आणि मालिश, गरम शेक, श्वास, रिलॅक्सेशन पण आहे, दोन्ही एकाच कागदावर, बाईच्या पसंतीनुसार. घेतलं म्हणून कोणी कमी आई होत नाही आणि नाही घेतलं म्हणून कोणी मागासलेली ठरत नाही.

बाळ झाल्यानंतर लक्षात ठेवायचं

दोन्ही प्रकारात बाळ लगेच छातीवर घ्या, एपिड्युरल घेतलेलं असलं तरी अंगावर पाजायला काही हरकत नसते. पहिल्यांदा उठताना एकट्याने उठू नका, पाय शाबूत वाटले तरी कोणालातरी धरा. लघवीची नळी काढल्यानंतर काही तासांत लघवी झाली नाही किंवा थेंब थेंब होतेय तर लाजत बसू नका, नर्सला सांगा, मूत्राशय ताणलं गेलं तर पुढे त्रास होतो.

एपिड्युरलनंतर एक-दोन दिवसांत अशी डोकेदुखी सुरू झाली की जी बसलं किंवा उभं राहिलं की वाढते आणि आडवं पडलं की कमी होते, मान आखडते, तर त्याला जागरणाची डोकेदुखी समजून अंगावर काढू नका. ज्या दवाखान्यात एपिड्युरल दिलं तिथल्या भूलतज्ज्ञांनाच कळवा, पाणी, विश्रांती, गोळ्या यांनी नाही थांबली तर तुमचंच थोडं रक्त घेऊन त्याच जागी सोडतात, त्याने बहुतेकींची डोकेदुखी थांबते. आणि पाय बधिर राहिला किंवा अशक्त वाटला, पाठीत ठणका आणि ताप आला, लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना गाठा.